डबल ॲडजस्टेबल शॉक: पहिल्या साठ फुटांचा एका हंगामाचा हिशेब

ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे उभ्या गाडीने सरळ रेषेत ठरलेले अंतर कमीत कमी वेळात कापण्याच्या शर्यतीसाठी, खास बनवलेल्या डबल ॲडजस्टेबल शॉक ॲब्सॉर्बरचा चार नगांचा संच मी गेला संपूर्ण हंगाम माझ्या गाडीवर वापरला आणि १४० हून अधिक रन झाल्यानंतर हे परीक्षण लिहायला बसलो आहे. या शॉकना प्रत्येकी दोन नॉब असतात. एका नॉबने शॉक दाबला जातानाचा विरोध, म्हणजे कॉम्प्रेशन, कमी-जास्त करता येतो आणि दुसऱ्याने तो ताणला जातानाचा विरोध, म्हणजे रिबाउंड. चार चाकांचे मिळून आठ नॉब आणि प्रत्येकाला १६ खटके, असा हा सगळा पसारा आहे. माझा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: मागच्या जोडीने घातलेले पैसे पुरेपूर वसूल करून दिले, पुढच्या जोडीविषयी माझे मत तितके ठाम नाही, आणि सोबत आलेल्या माहितीपुस्तिकेच्याच भरवशावर राहिलो असतो तर अर्धा हंगाम वाया गेला असता. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या कोणा एकाच्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही. शिवाय येथे जे सांगायचे आहे, त्यातले बहुतेक सगळे या प्रकारच्या कोणत्याही शॉकला लागू पडते.

गाडी कोणती, हे कळल्याशिवाय अशा परीक्षणाला अर्थ नसतो. माझी गाडी मागच्या चाकांवर चालणारी असून तिचा मागचा एक्सल अखंड आहे आणि तो फोर-लिंकच्या चार दांड्यांवर बसवलेला आहे. इंजिन टर्बो नसलेले व्ही-८, गिअरबॉक्स ट्रान्सब्रेक (सुटेपर्यंत गाडी जागेवर रोखून धरणारी सोय) असलेला ऑटोमॅटिक, मागे २७५/६० आर १५ मापाचे ड्रॅग रेडियल, म्हणजे ड्रॅगसाठी बनवलेले चिकट रबराचे रेडियल टायर. चालकासह वजन १४०० किलो, त्यातले ५४ टक्के पुढे आणि ४६ टक्के मागे, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २.७ मीटर. यापूर्वी पुढे ‘नव्वद-दहा’ म्हणून ओळखले जाणारे शॉक होते, म्हणजे दाबताना अतिशय कडक आणि ताणताना जवळजवळ मोकळे, आणि मागे दोन्ही दिशांना सारखा विरोध करणारे ‘पन्नास-पन्नास’. दोन्ही जोड्यांना नॉब नव्हते, त्यामुळे गाडी नीट सुटली नाही तर टायरची हवा आणि लाँचचे, म्हणजे गाडी सुटतानाचे, आरपीएम यांपलीकडे हातात काहीच उरत नसे.

या खरेदीमागचे कारण पहिल्या साठ फुटांत होते. पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या शर्यतीत साठ फूट हे अंतर जेमतेम १८.३ मीटर असते. पण तेथे गमावलेला वेळ पुढे वाढत जातो, कारण सुरुवातीला मागे पडलेली गाडी पुढचा प्रत्येक टप्पा कमी वेगाने पार करत असते. साठ फुटांत ०.१ सेकंद कमी झाला, तर शेवटच्या रेषेवर साधारण ०.१५ ते ०.२ सेकंद कमी होतो, असा या खेळातला सर्वमान्य ठोकताळा आहे. माझ्या गाडीचा साठ फुटांचा वेळ सरासरी १.६४ सेकंद होता, परंतु खरा त्रास सरासरीचा नव्हता. एकाच दिवशी, एकाच लेनमध्ये १.५८ पासून १.७१ पर्यंत काहीही येत असे. आपला वेळ आधी जाहीर करून त्याच्या जास्तीत जास्त जवळ पळायचे असते अशा प्रकारच्या शर्यतीत इतकी अनिश्चितता म्हणजे जुगारच.

नवे शॉक घेतल्यावर काय बदलेल, याविषयी माझ्याही डोक्यात गैरसमज होते, त्यामुळे आधी थोडा हिशेब. गाडी सुटताना वजन मागे जाते हे सगळेच म्हणतात, पण ते नेमके किती जाते हे फार थोडे जण मोजतात. गाडीचे वजन, जी मध्ये (गुरुत्व त्वरणाच्या पटीत) मोजलेले त्वरण आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची यांचा गुणाकार करून त्याला व्हीलबेसने भागले की उत्तर मिळते. गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर धरला, तर १ जी त्वरणाला माझ्या गाडीत सुमारे २६० किलो वजन पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर येते. उभ्या गाडीत मागे ६४४ किलो असतात, ते ९०० च्या वर जातात. या सूत्रात शॉक कोठेही नाही, आणि शॉकविषयीची पहिली समज येथूनच यायला हवी. वजन किती सरकेल हे शॉक ठरवत नाही. ते किती वेगाने आणि किती हळुवारपणे टायरवर येईल, एवढेच त्याच्या हातात असते. गाडीचे नाक आकाशाकडे गेलेले पाहून आनंदित होणाऱ्यांसाठी त्याच सूत्रातून आणखी एक आकडा निघतो: नाक उचलल्यामुळे गुरुत्वमध्य २ सेंटिमीटर वर गेला, तर मागच्या चाकांवर जास्तीचे जे वजन येते ते १ जी ला फक्त १० किलोच्या आसपास असते. छायाचित्र मात्र छान येते, हे मान्य.

आता वस्तूविषयी. खोक्यातून निघालेला माल पाहताक्षणी आवडावा असा होता: बाहेरून आटे पाडलेली ॲल्युमिनियमची नळी, दोन्ही टोकांना गोलाकार बेअरिंग आणि प्रत्येक शॉकचा स्वतंत्र ग्राफ, म्हणजे दांडा कोणत्या वेगाने हलला की किती बळ लागते याची कारखान्यात घेतलेली नोंद. हा ग्राफ बहुतेक लोक खोक्यातच टाकून देतात. मी तो जपून ठेवला आणि पुढे त्याचा उपयोग झाला. बसवण्याचे काम एका दिवसात उरकले. मागच्या उजव्या शॉकचा एक नॉब एक्झॉस्टच्या पाइपामागे दडला, म्हणून तो शॉक फिरवून बसवावा लागला, एवढीच काय ती खोटी. विकत घेण्यापूर्वी आपल्या गाडीत नॉबपर्यंत हात पोहोचेल का, हे जरूर पाहावे. दोन रनच्या मधल्या वेळात गाडी जॅकवर चढवल्याशिवाय नॉब फिरवता येत नसेल, तर तुम्ही तो फिरवणार नाही.

पहिली तक्रार माहितीपुस्तिकेची. तिच्यात ‘सर्व नॉब मधोमध ठेवून सुरुवात करा’ असे लिहिले आहे, पण खटके कोणत्या टोकापासून मोजायचे हे लिहिलेले नाही. मी सैल टोकापासून मोजायला लागलो आणि घोटाळा झाला, कारण सैल टोकाला नॉब नेमका कोठे थांबतो हे हाताला स्पष्ट कळत नाही. शेवटचे एक-दोन खटके असून नसल्यासारखे लागतात. घट्ट टोक मात्र पक्के असते. त्यामुळे नॉब हलक्या हाताने पूर्ण आवळायचा आणि तेथून मागे येत मोजायचे, ही पद्धत मी नंतर स्वीकारली आणि या लेखातले सगळे आकडे त्याच पद्धतीचे आहेत. दुसरे असे, की कॉम्प्रेशनचा नॉब बराच फिरवला तर रिबाउंडवरही थोडा परिणाम होतो. दोन नॉब म्हणजे दोन पूर्णपणे स्वतंत्र गोष्टी, असा जाहिरातीतून होणारा समज खरा नाही; एक नॉब चार खटके हलवला, तर दुसरा एकदा तपासून पाहावा लागतो.

पहिल्या दिवशी मी जे केले ते सांगायला संकोच वाटतो. आठही नॉब हाताशी आल्याच्या उत्साहात मी प्रत्येक रननंतर तीन-चार नॉब फिरवत गेलो, कागदावर काही टिपले नाही, आणि संध्याकाळपर्यंत साठ फुटांचा वेळ १.७४ वर नेऊन ठेवला, जो जुन्या शॉकवरच्या सर्वांत वाईट रनपेक्षाही वाईट होता. घरी आल्यावर सगळे नॉब आठव्या खटक्यावर आणले आणि शॉकना हात न लावता गाडीची पायाभूत जुळणी पहिल्यापासून केली. ज्यांना हे शॉक घ्यायचे आहेत त्यांनी ही पायरी आधीच करावी, कारण वाकड्या पायावर नॉब फिरवण्यात काही हशील नाही.

या जुळणीत सर्वांत आधी टायरची हवा येते. ड्रॅग रेडियलमध्ये मी १६ पौंडांपासून (दर चौरस इंचाला) सुरुवात केली आणि अर्ध्या-अर्ध्या पौंडाने बदल केले. बायस-प्लाय स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले मऊ टायर, वापरणारे याहून बरेच खाली जातात, कारण त्या टायरची भिंत मऊ असते आणि सुटताना तिला पडणाऱ्या सुरकुत्या धक्का पचवतात. रेडियलची भिंत तेवढी दबत नाही, आणि एकदा तो टायर घसरला की सहसा पुन्हा पकड घेत नाही. शॉकच्या परीक्षणात टायरचा हा स्वभाव महत्त्वाचा आहे, कारण स्लिकला चालणारी शॉकची जुळणी रेडियलला चालत नाही. हवेबद्दल आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: २५ अंश सेल्सिअसला भरलेली १६ पौंड हवा टायर ४५ अंशांपर्यंत तापला की १८ पौंड होते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत दोन पौंड असे आपोआप वाढतात आणि आपण मात्र दोष शॉकला देत बसतो. सुरुवातीच्या रेषेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत शिरण्यापूर्वी, आणि दर वेळी त्याच टप्प्यावर, हवा मोजणे एवढाच त्यावर उपाय आहे.

त्यानंतर चालक आसनावर बसलेला असताना चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून वजन पाहिले. प्रॉपेलर शाफ्टचा पीळ मागच्या अखंड एक्सलला अशा दिशेने फिरवू पाहतो, की डावे चाक जमिनीत रुततेसे होते आणि उजवे हलके पडते. बॉडीवर नेमका उलटा पीळ येतो आणि तिची डावी बाजू वर उठते. मागे अँटी-रोल बार (एक्सल आणि बॉडी यांना जोडणारी, पिळाला विरोध करणारी दांडी) असेल, तर बॉडीवरचा हा उलटा पीळ पुन्हा एक्सलकडे आणला जातो आणि दोन्ही एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. बारचा दुवा मी किंचित ताण देऊन बसवला आणि त्यानंतर डावा-उजवा शॉक वेगळा ठेवण्याची गरज उरली नाही. बार नसलेल्या गाड्यांत उजव्या बाजूला स्प्रिंग चढवून किंवा हवेची पिशवी घालून हेच काम केले जाते. पिनियनचा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट एक्सलला जेथे मिळतो तेथल्या गिअरचा, कोन दीड अंश खाली ठेवला. लीफ स्प्रिंग असलेल्या गाडीत एक्सल जास्त वळतो, म्हणून तेथे हा कोन जास्त ठेवावा लागतो. एवढे झाल्यावरच मी पुन्हा ट्रॅकवर गेलो आणि नॉबला हात न लावता पहिल्याच दिवशी १.६० आले. म्हणजे माझ्या जुन्या अडचणींतला बराचसा भाग शॉकचा नव्हताच, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

खरी गंमत मागच्या रिबाउंडमध्ये आहे. फोर-लिंकच्या दांड्या बाजूने पाहिल्यावर ज्या काल्पनिक बिंदूत मिळतात, त्याला इन्स्टंट सेंटर म्हणतात. तो बिंदू पुरेसा वर आणि मागे असेल, तर अँटी-स्क्वॉट शंभर टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे गाडी सुटताना तिची मागची बाजू खाली बसण्याऐवजी वर उठते. बॉडी वर उठते तेव्हा एक्सल तितक्याच जोराने खाली रेटला जातो आणि टायर जमिनीवर आपटल्यासारखा दाबला जातो. बॉडी आणि एक्सल एकमेकांपासून दूर जाताना शॉक ताणला जातो, म्हणून हा आघात किती जोराचा असावा हे मागचा रिबाउंड ठरवतो. रिबाउंड सैल ठेवला की आघात जोरदार होतो, आवळला की सौम्य. येथपर्यंतचे सगळीकडे वाचायला मिळते. अडचण अशी, की दोन्ही टोकांना परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे टायर घसरतो, आणि वेळेच्या चिठ्ठीवरून कोणत्या कारणाने घसरला हे मुळीच कळत नाही.

ते कळले मोबाइलच्या कॅमेऱ्यामुळे. कठड्याच्या मागे उभ्या असलेल्या मित्राने मागच्या टायरच्या उंचीवरून, सेकंदाला २४० चित्रे या वेगाने प्रत्येक लाँच टिपले. माझ्या गाडीला पहिला अर्धा मीटर पार करायला सुमारे ०.३ सेकंद लागतो. नेहमीच्या ३० चित्रांच्या चित्रीकरणात या वेळात नऊ चित्रे मिळतात, तर २४० च्या चित्रीकरणात बहात्तर. टायर आणि रिम यांच्यावरून जाणारी खडूची एक सरळ रेषा ओढून ठेवली, म्हणजे टायर रिमवर सरकतो का तेही कळते. रिबाउंड बाराव्या खटक्यावर, म्हणजे बराच सैल असताना चित्रात असे दिसले, की पहिल्या क्षणी टायर छान दबला आणि भिंत फुगली, पण बॉडी शॉकच्या शेवटापर्यंत सरसर वर गेली, तेथे आपटली, आणि त्याच क्षणी दबलेला टायर चेंडूसारखा परत उसळून हलका पडला. घसरण तेथे, साधारण दीड-दोन मीटरवर, सुरू झाली; साठ फूट १.६६. मग मी दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या खटक्यावर गेलो. आता बॉडी जवळजवळ हललीच नाही, टायरची भिंत सपाटच राहिली आणि पहिल्या पाव फेरीतच तो फिरला, १.७०. दोन्ही रनमध्ये आसनावर बसलेल्या मला मात्र सारखेच वाटले होते: गाडी घसरली, बस.

या दोन टोकांच्या मध्ये एका वेळी एकच नॉब, दोन्ही बाजूंना सारखाच, आणि प्रत्येक जागेवर किमान तीन रन, अशा शिस्तीने मी पुढे गेलो. आठव्या खटक्यावर १.६०, सहाव्यावर १.५६, पाचव्यावर १.५५, आणि चौथ्यावर पुन्हा १.५८. सहा आणि पाच यांच्यातला फरक एका रनवरून कळण्याजोगा नव्हता. तीन-तीन रन घेतले म्हणूनच तो दिसला. यानंतर मागच्या कॉम्प्रेशनकडे वळलो. दबलेला टायर परत उसळताना एक्सलला वर ढकलतो आणि त्या वेळी शॉक दाबला जातो, त्यामुळे टायरला एकदा दाबल्यावर दाबूनच ठेवण्याचे काम कॉम्प्रेशनचे आहे. ते सहाव्या खटक्यावर आवळले, तेव्हा सरासरी १.५३ वर आली आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मीटरवर जो बारीकसा थरकाप करत असे तो नाहीसा झाला. चौथ्या खटक्यापर्यंत आवळून पाहिले, तर ट्रॅकवरच्या एका जोडाच्या जागी टायर उडू लागला, म्हणून परत सहावर आलो.

तुलना करताना एक सापळा टाळायला हवा. घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही. पुढचे चाक स्टेजच्या, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरच्या, प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावर सुरू होते, आणि तोवर गाडी साधारण ३० सेंटिमीटर पळालेली असू शकते. गाडी किरणाच्या तोंडाशी उभी केली तर ही मोफत धाव पूर्ण मिळते आणि साठ फुटांचा वेळ आपोआप चांगला येतो. आत सरकवून उभी केली तर तोच वेळ बिघडतो. मी सुरुवातीला ज्याला शॉकचा फायदा समजलो होतो, त्यातले दोन-तीन शतांश सेकंद केवळ उभे राहण्यातल्या फरकाचे होते, हे नंतर चित्रीकरण पाहताना कळले. शॉक तपासत असाल तर प्रत्येक वेळी स्टेजचा दुसरा दिवा लागताक्षणी थांबा, त्यापुढे एक बोटभरही सरकू नका.

पुढच्या जोडीबद्दल थोडक्यात. जुने नव्वद-दहा शॉक नाकाला काहीच अटकाव करत नसत. नाक उसळून वर जाई, पुढचे सस्पेन्शन शेवटाला खाडकन आपटे आणि तो झटका संपूर्ण गाडीतून मागच्या टायरपर्यंत पोहोचे. नव्या शॉकमध्ये रिबाउंड पूर्ण सैलपासून पाच-सहा खटके आवळल्यावर, म्हणजे दहाव्या खटक्याच्या आसपास, नाक तेवढेच वर जाते पण शेवटाला हळुवार पोहोचते, आणि तेवढ्याने गाडीचे सुटणे लक्षणीय शांत झाले. मात्र हे काम रिबाउंडचा एकच नॉब असलेल्या स्वस्त शॉकनेही झाले असते. पुढच्या कॉम्प्रेशनचा नॉब मी संपूर्ण हंगामात दोनदा फिरवला: एकदा दुसरा गिअर पडताना नाक धाडकन खाली येत होते म्हणून आवळला, आणि एकदा ब्रेक लावताना पुढची चाके उड्या मारू लागली म्हणून परत सैल केला. ज्यांची गाडी सुटताना पुढची चाके खरोखर हवेत जातात, त्यांना नाक खाली येण्याचा वेग आवरण्यासाठी हा नॉब हवाच. माझ्यासारख्या गाडीला तो चैनीचा वाटतो.

तापलेल्या ट्रॅकविषयी एक निरीक्षण. भर दुपारी पकड कमी झाली की मी प्रथम शॉककडे धावत असे. आता लाँचचे आरपीएम ३०० ने खाली आणतो, हवा अर्धा पौंड कमी करतो, आणि एवढ्यानेही भागले नाही तरच मागचा रिबाउंड एक खटका आवळतो. संध्याकाळी ट्रॅक थंड झाला की हेच उलट्या क्रमाने. शॉकच्या नॉबने ट्रॅकची पकड वाढत नाही, त्यामुळे जेथे पकडच नाही तेथे ताकद कमी करणे हा सरळ मार्ग आहे. फोर-लिंकच्या वरच्या दांडीचे भोक, म्हणजे ती जोडण्याची जागा, मी एकदाच बदलले, आणि त्या एका भोकाने केलेला फरक चार-पाच खटक्यांहून मोठा होता. तेव्हा ठोक बदल भोकांनी आणि बारीक बदल नॉबने, असे कामाचे वाटप मी ठरवून टाकले आहे.

आकड्यांत बोलायचे तर हंगामाच्या उत्तरार्धात साठ फुटांचा वेळ १.५२ ते १.५६ या पट्ट्यातच राहिला, आणि पाव मैलाची सरासरी १०.९२ वरून १०.७५ सेकंदांवर आली. इंजिनाला या काळात हात लावलेला नाही. वर सांगितल्याप्रमाणे यातला काही भाग पायाभूत जुळणीचा आहे, सगळे श्रेय शॉकचे नाही. पण पट्टा अरुंद होणे हे मात्र जवळजवळ पूर्णपणे मागच्या जोडीचे काम आहे, कारण केवळ जुळणीनंतर सरासरी सुधारली होती, चढ-उतार कमी झाले नव्हते.

टिकाऊपणाबाबत मी समाधानी नाही. साधारण नव्वद रननंतर मागच्या डाव्या शॉकच्या दांड्याभोवती तेलाचा ओलावा दिसू लागला आणि काही आठवड्यांत तेथे बर्नआउटमधून, म्हणजे टायर तापवण्यासाठी ते जागीच फिरवताना, उडालेल्या रबराचा काळा राप जमला. त्याच सुमारास मागच्या दोन नॉबचे खटके बोटाला पुसट लागू लागले; पाणी आणि रबराची भुकटी आत शिरली, हे कारण उघड आहे, आणि नॉबवर साधी रबरी टोपी दिली असती तर ते टळले असते. नॉबवर आकडे कोरलेले नाहीत. जे स्टिकर दिले होते ते महिनाभरात गळून पडले, म्हणून मी रंगाच्या ठिपक्यांनी खुणा केल्या. दुरुस्तीची सेवा मात्र चांगली निघाली: शॉक पाठवल्यावर सील बदलून, नवे तेल भरून आणि नव्या ग्राफसह परत आले, आणि विचारलेल्या प्रश्नांना लेखी, नेमकी उत्तरे मिळाली. ‘तुमच्या गाडीला किती खटके हवेत’ या प्रश्नाला त्यांनी आकडा देण्याचे टाळून चित्रीकरण मागितले, यावरून पलीकडे जाणते कोणी तरी बसले आहे याची खात्री पटली.

कोणी घ्यावेत, याचे उत्तर गाडी कोठे अडते यावर आहे. टायर सामान्य असतील आणि साठ फूट दोन सेकंदांच्या पलीकडे असतील, तर आधी टायर घ्यावेत. शॉकचा पैसा तेथे फुकट जाईल. टायर चांगले आहेत, जुळणी केलेली आहे आणि तरीही वेळ वर-खाली होतो, अशा गाडीला मागची जोडी निःसंकोच सुचवीन. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीवाल्यांनी वरचे आकडे विसरून जावेत, कारण त्यांच्याकडे वजन ओढणाऱ्या चाकांवरून निघून मागे जाते. ते सावकाश जावे म्हणून तेथे पुढचा रिबाउंड आवळावा लागतो, म्हणजे मी तो सैल बाजूला ठेवला त्याच्या बरोबर उलट. ज्यांना वहीत नोंदी ठेवण्याचा कंटाळा आहे त्यांनी एकाच नॉबचे शॉक घ्यावेत, त्यात चुकायला जागा कमी असते. मला पुन्हा खरेदी करायची झाली तर मागे हेच शॉक आणि पुढे एका नॉबचे, असा संच घेईन.

सध्या मागचे दोन्ही शॉक दुरुस्त होऊन गाडीला लागले आहेत. नवा ग्राफ जुन्या ग्राफवर ठेवून पाहिला, तेव्हा डावा शॉक रिबाउंडच्या पाचव्या खटक्याला पूर्वीपेक्षा थोडा कडक भरतो असे दिसले. उजवा होता तसाच आहे. म्हणून नव्या हंगामाचा पहिला रन डावीकडे सहा आणि उजवीकडे पाच खटक्यांवर काढणार आहे.